टाकाऊ, टिकाऊ आणि तेरडा

'टाकाऊतून टिकाऊ' हा शब्दप्रयोग आपल्या शाळांमधून आता इतका रुळला आहे, की त्यातल्या दोन शब्दांपाशी थांबून विचार करावा असे कोणाला वाटत नाही. कोणत्याही बालवाडीत जावे, भिंतीलगतच्या फळीवर प्लास्टिकच्या बाटल्यांच्या फुलदाण्या, आइस्क्रीमच्या काड्यांची घरे आणि लग्नपत्रिकांचे आकाशकंदील ओळीने मांडलेले दिसतात. वर रंगीत कागदातून कापलेल्या अक्षरांत हे शब्द चिकटवलेले असतात. हिंगोली जिल्ह्यातल्या कयाधूकाठच्या एका खेड्यात मी गेली अनेक वर्षे तीन ते सहा वर्षांच्या मुलांबरोबर फुलापानांच्या आणि भंगाराच्या वस्तू करते आहे. या काळात त्या दोन शब्दांविषयी माझ्या मनात दोन प्रश्न घर करून राहिले. टाकाऊ ते कोणाच्या दृष्टीने? आणि टिकाऊ ते कशासाठी?

माझ्या आजीच्या घरात 'टाकाऊ' हा शब्द ऐकल्याचे मला स्मरत नाही. लुगडे विरले की त्याची वाकळ होई, वाकळ फाटली की पोतेरे होई. तुराट्यांचा कूड, पऱ्हाट्यांचे सरपण, करवंटीत मीठ, सरकी म्हशीला. तरीही जे उरे ते उकिरड्यावर जाई आणि उकिरडा वर्षातून एकदा गाडीत भरून शेतात जाई. एखादी वस्तू टाकली म्हणजे ती संपली, अशी कल्पनाच त्या घराला नव्हती. टाकाऊ हा शब्द आमच्या गावात आला तो दुकानातल्या पुड्यांबरोबर. वेफर्सची पाकिटे, गुटख्याच्या पुड्या, शाम्पूच्या पुड्या, बियाण्यांच्या चकचकीत पिशव्या. या वस्तू जमीन घेत नाही, गाय खाते आणि आजारी पडते, चुलीत घातल्या तर घर धुराने भरते. विचित्र गोष्ट अशी, की आज आपण ज्याला टाकाऊ म्हणतो तेच गावातले सर्वांत टिकाऊ आहे. त्याला आणखी टिकाऊ करण्याची गरज कोणालाच नाही.

उलट ज्यांच्यापासून मुलांचे हात खरोखर काही शिकतात, त्या वस्तू बहुधा चार दिवसांच्या सोबती असतात. १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झालेला हा जिल्हा नकाशावर तरुण असला, तरी त्याची माती फार जुनी आहे. औंढा-कळमनुरीकडच्या टेकड्यांवर साग आणि पळस, वसमतकडच्या कालव्याखालच्या रानात हळद, मध्ये सोयाबीन, तूर आणि कापूस. बांधावर बाभूळ आणि बोर, गायरानात तरवड, वाटेच्या कडेला घाणेरी. बाजारातल्या साहित्याची यादी करताना जशी रुपयांची जुळवाजुळव करावी लागते, तशी येथे ऋतूची करावी लागते. कोणत्या महिन्यात काय हाताशी येते हे कळले, की वर्षाचा अभ्यासक्रम आपोआप तयार होतो.

मृग बरसला की बाभळीला पिवळे गोंडे येतात. झाडाखाली पडलेले गोंडे वेचून मुली त्यांची कर्णफुले करतात. पुढे शेंगा वाळतात. मणी ओवल्यासारख्या दिसणाऱ्या त्या शेंगा पायाला बांधल्या की पैंजण होतात आणि वाजतातही. श्रावणात घाणेरीची फुले येतात. एकेका फुलाची बारीक नळी दुसऱ्याच्या तोंडात खोवत गेले, की सुई-दोऱ्यावाचून अंगठी, मग कडे, मग माळ होते. हे काम दिसायला सोपे आहे. पण अंगठा आणि तर्जनी यांची जी चिमूट पुढे पेन्सिल धरणार असते, ती येथे तयार होते. दाब थोडा वाढला तर नळी चुरगळते, कमी पडला तर निसटते. चार वर्षांच्या मुलाला हा हिशेब कोणी शब्दांत समजावू शकत नाही, फूल समजावते.

पिठोरी अमावस्येला पोळा. त्याच्या आठ दिवस आधीपासून आमचे बैल तयार होऊ लागतात. काळी माती चिकण असते, पण वाळताना आवळते आणि तडकते. तिच्यात बारीक भुसा आणि थोडी राख मळली की ती धरून राहते, हे मुलांना दोन बैल तडकल्यावर उमगते. शिंगांना काड्या, डोळ्यांना चिंचोके, झुलीला शिंप्याकडच्या चिंध्या. कुर्डूचे पांढरे-गुलाबी तुरे बाशिंग म्हणून शोभतात, आणि वाळल्यावरही त्यांचा आकार जात नाही. चिंध्या चिकटवायला बाभळीचा डिंक रात्रभर कोमट पाण्यात भिजत घातला की पुरे.

खरिपाची ज्वारी निघाली की गाड्या सुरू होतात. ज्वारीच्या धाटाची वरची साल काढून तिच्या काड्या करायच्या, आतला मऊ गाभा बोटभर तुकड्यांत मोडायचा आणि एकात दुसरे खोवत जायचे. चाक, जू, साटी, हवे तर गाडीवानही. खिळा नको आणि डिंकही नको. मात्र ती साल पात्यासारखी धारदार असते. ती मोठ्या माणसाने काढून द्यावी आणि जोडणी मुलांकडे सोपवावी. कोणते काम कोणाचे, ही वाटणी फार महत्त्वाची आहे; तिच्याकडे मी पुढे वळणार आहे.

रंगांसाठी आम्ही दुकानाकडे जात नाही. सागाचे कोवळे पान तळहातावर चोळले की हात लाल होतो. आमच्या मुलांचा हा लाडका चमत्कार आहे. फाल्गुनात पळस फुलतो. खाली पडलेली फुले पाण्यात उकळली की केशरी रंग मिळतो. त्याच वेळी हळद उकडून वाळत घातलेली असते आणि वसमतकडे जाणारे रस्ते तिच्या वासाने भरलेले असतात. त्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, हे मोठ्यांना ठाऊक असते. मुलांना तिचा वेगळाच गुण ठाऊक असतो. लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर हळदीच्या पाण्याचा हात फिरवावा, तो वाळू द्यावा आणि मग साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या काडीने त्यावर रेघ ओढावी. पिवळ्या कागदावर तांबडी रेघ उमटते. त्यावर लिंबू पिळले की ती पुन्हा पिवळी होते. हळदीत चुना मिसळून कुंकू करणाऱ्या बायकांना हे गुपित पिढ्यान्पिढ्या माहीत होते.

निसर्गातले सारे काही मुलांच्या हाती द्यावे असे मात्र नाही. या बाबतीत भाबडेपणा महागात पडतो. गुंजेची लालकाळी बी पाहून मोठ्यांचाही हात पुढे होतो, पण चावलेली एक बीसुद्धा लहान जिवावर बेतू शकते. एरंडाच्या नक्षीदार बिया तशाच. कण्हेर आणि धोतरा महादेवाला वाहतात आणि रुईच्या पानांची माळ मारुतीला घालतात, म्हणून ही झाडे मुलांच्या ओळखीची असतात. परंतु तिन्ही विषारी आहेत आणि रुईचा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. घाणेरीची फुले ओवावीत, कच्ची फळे तोंडात जाऊ देऊ नयेत. सीताफळाच्या बिया मोजायला चांगल्या, पण त्या फोडू नयेत. त्यांची पूड डोळ्यांना घातक असते. गाजरगवताच्या फुलांनी काहींच्या अंगाला खाज सुटते. आणि फवारणीच्या औषधाची बाटली कितीही धुतली, तरी ती फुलदाणी होत नाही. खताच्या गोण्यांनाही आमच्याकडे मज्जाव आहे. तीन वर्षांच्या मुलांना नाकात जातील असे बारीक बी देत नाही, आणि काम संपले की सर्वांचे हात रांजणापाशी धुतले जातात. हे नियम मी मुलांना सांगते तेव्हा त्यांना झाडांची नावेही सांगते. भीती नावासकट दिली की तिची ओळख होते. नावावाचून दिली की सगळे रानच भयाण वाटू लागते.

ही वाट मराठी मुलखाला नवी नाही. भावनगरच्या दक्षिणामूर्तीत गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तेथे त्यांना येऊन मिळाल्या. माँटेसरी पद्धतीची साधने मापात बसवलेली, घोटीव आणि महाग. खेड्यातल्या बालवाडीला ती परवडणारी नव्हती. ताराबाईंनी त्या साधनांमागचे तत्त्व घेतले आणि वस्तू सोडून दिल्या. मोजायला खडे आणि बिया आल्या, रंग ओळखायला फुले आली, आकार जुळवायला पाने आणि शंखशिंपले आले. ज्या वस्त्यांतली मुले शाळेत येत नव्हती, त्यांच्या अंगणातच बालवाडी भरवली गेली आणि 'अंगणवाडी' हा शब्द जन्माला आला. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम करताना, गुरे राखणाऱ्या पोरांमागे शाळाच कुरणात गेली. तिला 'कुरणशाळा' म्हटले गेले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. आज गावोगावी हे नाव पाटीवर आहे. त्या नावातले अंगण मात्र पुष्कळदा सिमेंटच्या खोलीत हरवते.

भंगाराच्या बाबतीत अशीच दृष्टी अरविंद गुप्ता यांनी दिली. पुण्यातल्या कारखान्यातून वर्षाची रजा घेऊन ते १९७८ मध्ये होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि आठवडी बाजारात मिळणाऱ्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे काड्यापेटीतल्या काड्यांना जोडून त्यांनी त्रिकोण, चौकोन आणि घरे उभी केली. पुढे पुण्याच्या आयुकात त्यांनी मुलांसाठी वर्षानुवर्षे असेच काम केले. मला त्या काड्यांच्या घरांतली एक गोष्ट फार आवडते. ती सहज मोडतात. मोडली की काड्या पुन्हा काड्याच होतात आणि दुसऱ्या मुलाला नवे घर बांधता येते. तेथे टिकाऊपणाचा आग्रह कोणीच धरलेला नाही.

आपल्या प्रदर्शनांतून हा आग्रह कसा शिरतो, हे एकदा जवळून पाहायला मिळाले. ठिकाण सांगण्यात अर्थ नाही, कारण असे कोठेही घडते. टेबलांवर थर्मोकोलची मंदिरे होती, चमचमत्या कागदाचे मोर होते, सीडीच्या तबकड्यांची घड्याळे होती. प्रत्येक वस्तूमागे गळ्यात चिठ्ठी अडकवलेले एक मूल उभे होते. एका सुबक मंदिरामागच्या चार-पाच वर्षांच्या मुलाला मी विचारले, "बाळा, यातलं तू काय केलंस?" तो प्रामाणिकपणे म्हणाला, "म्या न्हाई केलं. मी हे धरून उभा हाय." परीक्षक आमच्या टेबलापाशी आले तेव्हा एका मुलीने एका शिंगाचा बैल पुढे केला. दुसरे शिंग वाटेत गळले होते. त्यांनी तो कौतुकाने पाहिला, पण "हे टिकणार नाही" असे म्हणून ते पुढे गेले. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. घरी पोचेपर्यंत बैलाचा पायही मोडला. परंतु त्या बैलावर तिच्या अंगठ्याचे ठसे होते, आणि मंदिरावर त्या मुलाच्या बोटाची खूण कोठेच नव्हती.

मघाशी म्हटलेली कामाची वाटणी ती हीच. साल काढणे, तार कापणे, उकळते पाणी उतरवणे ही मोठ्यांची कामे. काय करायचे, कोठे काय लावायचे आणि केव्हा थांबायचे हे मुलाचे. मोठ्या माणसाला वस्तू सुंदर व्हायला हवी असते, म्हणून त्याचा हात सारखा पुढे जातो. तो हात मागे ठेवणे हे या कलेतले सर्वांत अवघड कौशल्य आहे. मुलाने बैलाला पाच पाय केले तर ते पाचच राहू द्यावेत. पुढच्या पोळ्यापर्यंत त्याने खरा बैल पुष्कळ वेळा पाहिलेला असतो, आणि पाचवा पाय आपोआप गळतो.

मराठीत एक म्हण आहे: तेरड्याचा रंग तीन दिवस. जे पटकन रंगते आणि पटकन उतरते त्याच्याविषयी आपण ती नाक मुरडून वापरतो. आमच्या मुली श्रावणात दारच्या तेरड्याच्या पाकळ्या ठेचून नखांवर बांधतात. थोडे दिवस नखे रंगलेली असतात, मग रंग फिका पडत जातो. एकीलाही मी त्याबद्दल हळहळताना पाहिले नाही. तेरडा दारातच असतो, पुन्हा ठेचता येतो. म्हण करणाऱ्याने रंग मोजला; मुलीने ठेचण्याचे सुख मोजले. लहान मुलाच्या हातून झालेल्या वस्तूला टिकाऊपणाच्या मापाने मोजणे म्हणजे तेरड्याला तांबड्या रंगाच्या डब्याशी झुंजवणे आहे.

मग या साऱ्यातून टिकते काय? हा प्रश्न पालक मला विचारतात आणि तो रास्त आहे. दिवसभर मजुरी करणाऱ्या आईला आपले मूल फुले ओवत बसले तर काळजी वाटणारच. तिला मी एका मुलाची गोष्ट सांगते. दसरा झाला की आमच्या भागातली काही कुटुंबे ऊसतोडीला जातात. असाच पाच वर्षांचा एक मुलगा धाटाची गाडी काखेत धरून ट्रॅक्टरमध्ये चढला. ती गाडी कारखान्याच्या वाटेवरच मोडली असणार. चैत्राच्या सुमारास तो परतला, तेव्हा अक्षरे पुष्कळशी विसरला होता, अंगाने वाळला होता आणि चार दिवस कोणाशी बोलत नव्हता. रब्बीचा कडबा अंगणात येऊन पडला होता. पाचव्या दिवशी त्याने त्यातले एक धाट ओढले, माझ्यापुढे धरून "बाई, साल काढून द्या" एवढेच म्हटले आणि तासाभरात गाडी उभी केली. तिला आता दोन डबे होते, उसाच्या ट्रॅक्टरमागे असतात तसे. दुपारपर्यंत त्याच्याभोवती सहा मुले बसली होती आणि तो त्यांना जोडणी शिकवत होता. त्या आठवड्यात अक्षरेही परत यायला लागली. गाडी टिकली नव्हती. गाडी करणारा टिकला होता.

आणखी एक गोष्ट टिकते, ती म्हणजे नाव. मराठीचा अभ्यास करणाऱ्या आपल्यासारख्यांनी तिच्याकडे विशेष लक्ष द्यावे असे मला वाटते. 'पळसाला पाने तीनच' ही म्हण पाठ असलेल्या किती जणांनी पळसाचे पान हातात घेऊन पाहिले आहे? आमची मुले द्रोण करताना ती मोजतात आणि म्हण खरी निघाली म्हणून हसतात. पण आमच्या शिवारातले चित्र बदलते आहे. ज्वारी हटून सोयाबीन आले, निंदणीच्या जागी तणनाशकाची फवारणी आली. ज्या कुर्डूने पूर्वी पिकात दाटी केलेली असे, तो आता बांधाच्या कडेला शोधावा लागतो. फुले तुटपुंजी होत आहेत, म्हणून आम्हीही तोडणे आवरले आहे. शक्यतो खाली पडलेले घ्यायचे. खुडायचेच तर ताटव्यातून एक, बाकीची बियांसाठी सोडायची. फूल गेले की ते दाखवून सांगायचे नावही जिभेवरून जाते. भाषेतला एक शब्द गळाला, याची नोंद कोणत्याही तलाठ्याच्या दप्तरी होत नाही.

म्हणून आम्ही एक पुस्तक केले. गावातल्या जुन्या लग्नपत्रिका जमवल्या, कोऱ्या बाजू वर येतील अशा शिवल्या, आणि एकेका पानावर एकेक रानफूल चिकटवले. फुले वर्तमानपत्राच्या घडीत ठेवायची आणि वर पाटा ठेवायचा. पावसाळ्यात कागद रोज बदलावा लागतो, नाही तर बुरशी धरते. नावांसाठी मुलांनी आपापल्या आजीकडे जायचे असे ठरले. दुसऱ्या दिवशी भांडणच लागले. एकाची आजी म्हणाली टाकळा, दुसऱ्याची म्हणाली तरोटा. दगडीपाला कोणाकडे एकदांडी झाला, तर कोणाकडे कंबरमोडी. माहेरून आलेल्या बायकांबरोबर एकाच रोपाची नावेही सासरी आली होती. आम्ही सगळी लिहिली. कोणाचेही नाव चुकीचे ठरवले नाही.

आज ते पुस्तक पाहिले तर त्यातली निम्मी फुले उरलेली नाहीत. रसाळ पाकळीचा तेरडा पहिल्याच पावसाळ्यात बुरसला. काहींना कसर लागली. कुर्डू तेवढा अजून ताठ आहे. तेरड्याच्या पानावर एक तपकिरी डाग आणि खाली शिसपेन्सिलीने लिहिलेले नाव, एवढेच राहिले आहे. गेल्या श्रावणात नव्याने आलेल्या एका मुलीने त्या डागावर बोट ठेवून विचारले, "बाई, हितलं फूल कुठं गेलं?" मी काही सांगण्यापूर्वीच तिच्याहून वर्षाने मोठी असलेली दुसरी मुलगी तिचा हात धरून बाहेर गेली. थोड्या वेळाने दोघी परतल्या, ओल्या हातांनी. आणि तिसरीच्या ओच्यात कोणाच्या तरी दारचा तेरडा होता.